शिक्षकांच्या कार्यशाळेची तयारी: आधी पोरांच्या चिठ्ठ्या, मग हॉल

कॉलेजात शिक्षकांसाठी अध्यापन-अध्ययनावर एक दिवस घ्यायचाय आणि कोऑर्डिनेटर म्हणून तुमचं नाव लागलंय, तर हे तुमच्यासाठी. मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचं, काम अंगावर आल्यापासून असे दिवस घेतलेत आणि दुसऱ्या कॉलेजांत जाऊन बसलेयही, त्यातून जे हाती लागलं ते सांगते, क्रम जरा पुढेमागे होईल.

सगळ्यात आधी चिठ्ठ्या. हॉल, पाहुणे, जेवण हे सगळं नंतर. कार्यशाळेच्या निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक शिक्षकाला सांगायचं की एका तासाची शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा, पोरांना अर्धा-अर्धा कागद द्या, नाव नाही रोल नंबर नाही, एकच प्रश्न विचारा, आज सगळ्यात जास्त कुठे अडलं. हार्वर्डमधले स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक फ्रेडरिक मोस्टेलर आपल्या वर्गात हेच करायचे, आणि याला प्रोजेक्टर लागत नाही की नेटवर्क लागत नाही. पोरांना मुद्दाम सांगा की मालवणीत लिहिलंत तरी चालेल, नाहीतर ती 'सर्व समजले' एवढं शुद्ध लिहून मोकळी होतात. 'माका ह्या कळला नाय' असं जिथे लिहून येतं तिथेच कामाचं काहीतरी सापडतं.

माझं उदाहरण सांगते. मोल ही संकल्पना मी कितीतरी वर्षं शिकवत होते, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात फळ्यावर लिहायचा, गणितं सोडवून घ्यायची, पोरं गणितं बरोबर सोडवायची पण. चिठ्ठ्या घेतल्या तर निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलेलं, मोल म्हणजे वजन की संख्या? मला तो दिवस अजून आठवतो, घरी जाऊन नीट जेवले नाही. मग पुढच्या तासाला शेकडा घेतला. नारळ शेकड्याने विकतात, ओले काजूगर पण शेकड्याने विकतात, शेकडा दोन्हीकडे तोच पण वजन किती वेगळं, हे आमच्या पोरांना सांगावंच लागत नाही, त्यांनी घरी मोजलेलं असतं. मोल हा असाच एक भलामोठा शेकडा. त्या चिठ्ठ्या आल्या नसत्या तर मी अजून फळ्यावर तोच आकडा लिहीत राहिले असते, म्हणून म्हणते, आधी चिठ्ठ्या.

तारीख ठरवताना कॉलेजचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर दोन्ही समोर ठेवा. गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडूनच द्या, पावसाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, डिसेंबरात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आणि गॅदरिंग, मार्चपासून सगळे परीक्षेत. आम्हाला जानेवारीतला दुसरा-तिसरा शनिवार बरा पडतो. दिवस त्याच्या पुढे ढकलायची वेळ आलीच तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या, ती कॅलेंडरात छापलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दिवशी मालवण-कणकवलीकडचा अर्धा स्टाफ आणि जवळपास सगळ्या गाड्या तिकडे असतात.

सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, शिक्षकांबद्दल प्रिन्सिपल सरांशी आधीच बोला, हे मी कळकळीने सांगते. बहुतेक ठिकाणी एफवायचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे, निम्मे तास तेच घेतात, म्हणजे ज्या वर्गात पोरं सगळ्यात जास्त अडखळतात तिथे तेच उभे असतात, आणि त्यांना पैसे तासावर मिळतात, कार्यशाळेला तास धरत नाहीत, मग ते दिवस बुडवून का येतील? त्या दिवसाचं मानधन मॅनेजमेंटकडून मंजूर करून घ्या, लेखी घ्या, आणि निमंत्रणात तसं स्पष्ट लिहा. चहापाण्याचा खर्च कमी करावा लागला तरी चालेल पण हे झालंच पाहिजे. आणि ज्यांना कॅससाठी, म्हणजे बढतीच्या योजनेसाठी, सर्टिफिकेट हवंय त्यांनाही आधीच सांगून टाका की तिथे आठवड्याचे-पंधरवड्याचे कोर्स लागतात, हा एक दिवस त्यासाठी नाही.

पाहुणे बोलवायचे की नाही? बोलवा, पण एकच, आणि त्यांना भाषण देऊ नका, काम द्या. एका ठिकाणी मी बसले होते तिथे सक्रिय अध्ययनावर सलग दोन तास स्लाइड वाचल्या गेल्या, आम्ही साठ माणसं गप्प बसून, शेवटी प्रश्नांना वेळच उरला नाही. तिथे तीन तासांचा प्रवास करून आलेल्या माझ्या सहकारी मॅडम परतताना गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत, मला ते फार लागलं. म्हणून फोनवरच ठरवून घ्या की सलग बोलणं पंधरा मिनिटांच्या वर जाणार नाही आणि आमच्या चिठ्ठ्यांचे फोटो तुम्हाला आठवडाभर आधी पाठवू, त्यावरच बोला. मुंबईहून येणार असतील तर शुक्रवारीच उतरवून घ्या. कोकणकन्या सकाळी पोचते हे खरं, पण आपल्याकडे एकेरी लाइन, क्रॉसिंगला कुठे थांबली की दहाचं सत्र साडेअकराला सुरू होतं. कोल्हापूरकडून येणार असतील तर फोंडा की गगनबावडा, कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारा.

हॉलचं थोडक्यात सांगते. फिक्स बाकांचा हॉल नको, लायब्ररीची रीडिंग रूम घ्या, पाच-पाच जणांची टेबलं लावा, आणि एका टेबलावर एकाच डिपार्टमेंटचे दोघे नकोत. चिऱ्याच्या भिंतीला सेलोटेप धरत नाही, चार्ट दहा मिनिटांत खाली येतात, तेव्हा सुतळी आणि कपड्यांचे चिमटे आणून ठेवा. मार्कर आदल्या दिवशी लिहून बघा. लाईट जाईल असं धरूनच सगळं ठरवा, म्हणजे जे पडद्यावर दाखवायचंय ते झेरॉक्समध्ये पण हवं, आणि माइकशिवाय आवाज पोचेल एवढीच खोली घ्या. उद्घाटन पाच मिनिटांत.

आता सत्रं. सकाळी पहिल्यांदा चिठ्ठ्यांच्या पिशव्या टेबलांवर रिकाम्या करा आणि वाचू द्या, अर्धा तास कुणीही काही सांगायचं नाही. स्वतःच्या विषयाच्या नाही, दुसऱ्याच्या विषयाच्या चिठ्ठ्या द्यायच्या, आपल्या चिठ्ठ्या वाचताना माणूस उत्तरं द्यायला लागतो. मग ढीग करा, शब्द अडला, पायरी अडली, आधीचंच काही येत नव्हतं, शिक्षकाचा वेग जास्त होता, असे. याच सत्रात एकाला मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसवा, प्रश्न विचारल्यावर आपण किती सेकंद थांबतो ते मोजायला. मेरी बड रो या संशोधिकेने ७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासून दाखवलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि जास्त पोरं बोलायला लागतात. ही गोष्ट सांगून पटत नाही, स्वतःचा आकडा समोर आला की लगेच पटते.

भाषेचं सत्र आपल्याकडे हवंच, आणि त्याला वेळ भरपूर द्या. घरात मालवणी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि एफवायबीएस्सीला आल्याबरोबर सगळं इंग्रजीत, पोरगी हुशार असते पण तिसऱ्या भाषेत विचार करायला लागतो म्हणून मागे पडते आणि आपण तिला विषय येत नाही असं धरून चालतो. तयारी एवढीच, प्रत्येकाने आपल्या टेक्स्टबुकाचं एक पान झेरॉक्स करून आणायचं आणि पानांची अदलाबदल करायची, माझं पान अकाउंट्सच्या सरांना, त्यांचं मला. सात मिनिटं वाचा, मग शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगा. मला घसाऱ्याचं पान आलं होतं, चार वेळा वाचलं, प्रत्येक शब्द ओळखीचा होता पण सांगायला लागल्यावर दुसऱ्या वाक्यालाच थांबले. मग अडलेल्या शब्दांना खुणा करायला सांगा. तिथे एक गोष्ट दिसते जी मला तोपर्यंत कधी दिसली नव्हती, शास्त्रीय शब्द तर आपण समजावून सांगतोच, पोरं अडतात ती 'रिस्पेक्टिव्हली', 'व्हेअरॲज', 'प्रोव्हायडेड दॅट' असल्या साध्या शब्दांवर, आणि ते कुणीच कधी समजावलेले नसतात. या सत्रातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात आपल्या विषयाचं एक दोन रकान्यांचं पान असलं पाहिजे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे सोपी मराठी. आपल्या देवगडातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ साली दर्पण सुरू केलं, त्यांनी त्यात मराठी आणि इंग्रजी असे शेजारी शेजारी रकानेच छापले होते, ते स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचे. म्हणजे ही रीत आपल्याच मातीतली आहे, विभागातल्या ज्येष्ठांना हे सांगा, त्यांना ते मनापासून आवडतं.

तिसरं सत्र रंगीत कार्डांचं. हार्वर्डमधले फिजिक्सचे एरिक मॅझूर यांच्या लक्षात आलं की पोरं अवघड गणितं सोडवतात आणि साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर चुकतात, तेव्हापासून ते, म्हणजे १९९१ पासून, वर्गात प्रश्न टाकून मत घ्यायला लागले. प्रत्येकाला चार रंगांची चार कार्डं, कार्डशीट कापून घरीच होतात. सुरुवातीला सगळ्यांना जमेल असा प्रश्न घ्या, चहाच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळतं तेव्हा त्या बुडबुड्यांत काय असतं, हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, पाण्याची वाफ, की काहीच नाही? कार्ड छातीशी धरायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे आली तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या आणि परत मत घ्या. वाफ हे उत्तर तुम्ही न सांगताच बहुतेकांपर्यंत पोचतं. मग प्रत्येक डिपार्टमेंटने आपला एक प्रश्न लिहायचा, आणि यातले चुकीचे पर्याय मनाने रचू नका, सकाळच्या चिठ्ठ्यांतून उचला, पोरं खरोखर जे समजून बसलीत तेच पर्यायात आलं पाहिजे. काही जण म्हणतील यात सिलॅबस मागे पडतो. त्यांच्यासाठी २०१४ चा अभ्यास झेरॉक्स करून ठेवा, त्यात विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतलाय, नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली.

प्रश्नपत्रिकेचं सत्र ठेवायचं असेल तर अंतर्गत चाचणीचेच पेपर घ्या, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका बाहेर काढता येत नाहीत, आणि पोरांचे सीट नंबर काळ्या मार्करने खोडा. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण असं करत प्रश्न लावून बघितले की बहुतेक सगळा पेपर पहिल्या खणात जाऊन बसतो. अर्धा तास पुरे. लर्निंग स्टाइल्सचे, म्हणजे कोण बघून शिकतं, कोण ऐकून शिकतं ते ठरवणारे, फॉर्म भरून घेण्यात मात्र वेळ घालवू नका, पोरांना त्यांच्या 'स्टाइल'प्रमाणे शिकवलं तर ती जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही हे २००८ च्या आढाव्यात येऊन गेलंय, तरी अजून प्रत्येक ठिकाणी तो फॉर्म फिरतोच.

जेवण बचत गटाच्या ताईंना सांगा, आकडा तीन दिवस आधी द्या. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी, शनिवार म्हणजे शाकाहारीच, उपवासवाल्यांची संख्या वेगळी कळवा. एवढं जेवल्यावर भाषण ठेवू नका. त्याऐवजी डायऱ्या मिटवायला सांगा आणि सकाळचं काय काय आठवतं ते कोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या पोरांना आपण कायम 'परत वाचा' सांगतो, तर एकदा शिक्षकांनी स्वतः आठवून बघावं.

हजेरीपट, जिओटॅगचे फोटो, नोटीस, अहवाल, हे नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, लागतंच, ते एकाच माणसाला द्या आणि बाकी कुणाला त्यात ओढू नका. सर्टिफिकेटवरची नावं ज्याची त्यालाच तपासायला द्या.

शेवट सव्वाचारला, पाच मिनिटंही पुढे नाही, कारण आतल्या गावांच्या एसटी त्यानंतर मिळत नाहीत आणि साडेतीनपासूनच माणसं घड्याळ बघायला लागतात. उठायच्या आधी प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या, कुठला टॉपिक, त्यात काय बदलणार, कुठल्या तारखेच्या तासाला. आणि दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक जोडीदार ठरवायचा जो त्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसेल. हे शिक्षकाच्या मूल्यांकनात कुठेही धरलं जाणार नाही, कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये जाणार नाही, असं प्रिन्सिपल सरांनी स्वतः उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे, ते आधीच ठरवून घ्या, त्याशिवाय कुणी आपल्या वर्गाचं दार उघडत नाही.

चिठ्ठ्या टाकून देऊ नका. वर्ग, टॉपिक, तारीख लिहून लिफाफ्यांत भरा आणि लायब्ररीच्या कपाटात ठेवा. सहा आठवड्यांनी, परीक्षेची गडबड सुरू व्हायच्या आत, पाऊण तास काढा, त्याच टॉपिकवरच्या नवीन चिठ्ठ्या घेऊन सगळ्यांनी यायचं आणि जुना ढीग, नवा ढीग शेजारी शेजारी ठेवायचा. त्याला हॉल लागत नाही, स्टाफरूममधलं लांब टेबल पुरतं.