स्वस्त हॉट डॉगच्या रात्री बेसबॉलचा सामना कसा पाहावा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपता संपता आटोपतो. एवढ्या अवधीत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यांपैकी निम्मे आपल्या मैदानावर. एप्रिलच्या थंडीत, आठवड्याच्या मधल्या वारी, इतक्या सामन्यांना प्रेक्षक आणायचे कोठून, हा संघांपुढचा जुना प्रश्न आहे आणि एका डॉलरचा हॉट डॉग, म्हणजे पावात घातलेले सॉसेज, हे त्यावरचे बरेच चाललेले उत्तर आहे. एरवी स्टेडियममध्ये याच हॉट डॉगसाठी कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाचे जेवण स्वस्तात उरकते, हे खरे. मात्र अशा रात्री गर्दी जास्त असते, तरुणांची टोळकी मोठी असतात आणि प्रत्येकाच्या हातात फेकण्याजोगे काहीतरी असते. सवलतीचा लाभ घ्यावा आणि हुल्लडीत सापडू नये, असे वाटत असेल तर तिकीट काढतानाच थोडा विचार करावा लागतो.

सर्वांत आधी, नेमके काय स्वस्त आहे ते पाहावे. खाद्यपदार्थ स्वस्त असणे आणि बिअर स्वस्त असणे यांत फार अंतर आहे. ४ जून १९७४ रोजी क्लीव्हलँड इंडियन्सने टेक्सास रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात एरवी ६५ सेंटला मिळणारी बिअर १० सेंटला विकली आणि २५,१३४ प्रेक्षक आले. एका खेपेस सहा पेले अशी मर्यादा होती, पण खेपा कितीही करता येत होत्या. म्हणजे मर्यादा फक्त नावापुरती होती. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात क्लीव्हलँडने ५–५ अशी बरोबरी साधली आणि त्यानंतर एका प्रेक्षकाने मैदानात शिरून रेंजर्सच्या जेफ बरोज याची टोपी ओढण्याचा प्रयत्न केला. बरोज पडला, त्याच्यावर हल्ला झाला असे समजून रेंजर्सचे व्यवस्थापक बिली मार्टिन बॅटा घेतलेल्या खेळाडूंसह धावत सुटले आणि पाहता पाहता मैदान दंगेखोरांनी भरले. पाहुण्या खेळाडूंना वाचवण्यासाठी क्लीव्हलँडच्याच खेळाडूंना पुढे व्हावे लागले. अखेर पंच नेस्टर चायलाक यांनी सामना रेंजर्सला बहाल केला आणि असा बहाल केलेला सामना नियमाने ९–० धरला जातो, म्हणून नोंदीत तोच निकाल लागला. पुढच्या स्वस्त बिअरच्या सामन्यात क्लबने माणशी दोनच पेले दिले. आजही कोणत्याही सवलतीच्या अटी वाचताना पाहायचे ते हेच, की मर्यादा खेपेवर आहे की माणसावर.

फक्त खाद्यपदार्थ स्वस्त असलेल्या रात्री इतक्या थराला जात नाहीत, तरी त्या निर्धास्त असतात असेही नाही. फिलाडेल्फिया फिलीज संघाची ‘डॉलर डॉग नाइट’ १९९७ पासून चालत आलेली होती. ११ एप्रिल २०२३ रोजी मायामी मार्लिन्सविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी एकमेकांवर हॉट डॉग फेकायला सुरुवात केली आणि काही जणांना स्टेडियमबाहेर काढावे लागले. पुढच्या हंगामापासून संघाने ही प्रथा बंद केली आणि तिच्या जागी एकावर एक मोफत अशी सवलत ठेवली. वरवर हा फरक क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते त्यात शहाणपण होते. पहिल्या हॉट डॉगला पूर्ण पैसे मोजलेला माणूस दुसरा खातो किंवा शेजाऱ्याला देतो. डॉलरला एक या दराने मांडीवर पाच-सहा हॉट डॉग घेऊन बसलेल्याला त्यांतला एखादा भिरकावताना काहीच वाटत नाही. म्हणून लहान मुलांना घेऊन जायचे असेल आणि दोन्ही प्रकारच्या सवलती उपलब्ध असतील, तर एकावर एक मोफत असलेली तारीख निवडावी.

तारीख आणि जागा

तारीख ठरवताना प्रतिस्पर्धी कोण आहे ते पाहावे. जुने वैर असलेला संघ येणार असेल, किंवा दोन्ही संघांत नुकतीच मैदानावर हातघाई झालेली असेल, तर स्वस्त हॉट डॉगसाठी ती रात्र निवडू नये. क्लीव्हलँडच्या त्या सामन्याच्या आठवडाभर आधीच टेक्सासमध्ये याच दोन संघांची मारामारी झाली होती आणि प्रेक्षक तो राग मनात ठेवूनच आले होते. पावसाचा अंदाज असेल तरीही सावध राहावे. खेळ थांबला की लोकांना करण्यासारखे उरते ते फक्त खाणे, पिणे आणि ओरडणे.

जागेच्या बाबतीत बहुतेक लोक केवळ तिकिटाचा दर पाहतात आणि तेथेच फसतात. आउटफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या फलंदाजापासून दूरच्या भागाच्या, मागचे व सर्वांत वरच्या मजल्यावरचे विभाग स्वस्त असतात, म्हणून मोठी टोळकी तिकडेच एकत्र तिकिटे काढतात आणि वरच्या रांगेतून फेकलेले सर्व काही खालच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर येते. वरच्याच मजल्यावर बसायचे असेल तर त्या विभागातील शेवटची रांग घ्यावी. मैदान थोडे दूर दिसते, पण पाठीमागे कोणी नसते. पैसे परवडत असतील तर पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या (धाव काढताना खेळाडू गाठतो त्या टप्प्याच्या) बाजूचा मधला मजला उत्तम. काही स्टेडियममध्ये मद्यविरहित कुटुंब-विभाग असतो, त्याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. रांगेत मधल्या खुर्च्यांपेक्षा मार्गिकेलगतच्या खुर्च्या घ्याव्यात; सतत ये-जा करणाऱ्यांसाठी पाय आवरावे लागतात, पण उठून जायची वेळ आली तर वाट मोकळी मिळते.

रांगेत केव्हा उभे राहावे

स्टेडियमचे दरवाजे सामन्याच्या तासभर ते दीड तास आधी उघडतात. पोटभर खायचे असेल तर तेव्हाच आत जाऊन हॉट डॉग घ्यावेत, कारण पहिला चेंडू पडायच्या सुमारास रांगा सर्वांत लांब होतात. दोन डावांमधली विश्रांती दोन मिनिटांच्या आसपास असते; त्या वेळी उठणारा प्रत्येक जण तोच हिशेब करून उठलेला असतो. त्यापेक्षा यजमान संघ फलंदाजी करत असताना, डाव चालू असतानाच जावे, कारण यजमान संघाचे चाहते तेव्हा खुर्ची सोडायला कमी राजी असतात. बहुतेक स्टेडियममध्ये रोख रक्कम चालत नाही, तेव्हा कार्ड जवळ ठेवावे. सवलत सर्वच काउंटरवर नसते, काही ठरावीक ठिकाणीच असते, आणि ती फक्त साध्या हॉट डॉगवर असते. चीज किंवा चिली घातलेला मागितला तर पूर्ण दर लागतो. पेय, पार्किंग आणि मुलांची आइस्क्रीमे यांवर कसलीही सूट नसते. क्लबचे हॉट डॉगवर गेलेले पैसे तेथेच भरून निघतात, हे ध्यानात ठेवून खर्चाचा अंदाज बांधावा.

हॉट डॉग फॉइलमध्ये गुंडाळलेला मिळतो आणि आतला पाव वाफेने ओलसर झालेला असतो. तो खुर्चीवर नेऊन उघडण्याऐवजी मसाल्याच्या टेबलाशीच उघडावा, मोहरीची चटणी, कांदा, रेलिश (काकडीचे बारीक चिरलेले लोणचे) जे हवे ते घालावे आणि फॉइल तेथल्याच कचरापेटीत टाकावे. ही गोष्ट बारीक वाटते, पण तिचे कारण आहे. हुल्लडीची सुरुवात सहसा हॉट डॉगने होत नाही, फॉइलच्या गोळ्याने होते: तो हलका असतो, दिव्यांत चमकतो, कोणाला लागत नाही आणि लोक हसतात. हसू मिळाले की पाव उडतो आणि पावामागून मोहरीने माखलेले सॉसेज. आपल्या मुलांच्या हाती फॉइल नसले तर या खेळात त्यांचा पहिला हात लागत नाही.

हॉट डॉगमध्ये गोमांस, डुकराचे मांस किंवा दोन्ही असू शकते, म्हणून ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी काउंटरवर विचारून खात्री करावी. शाकाहारी हॉट डॉग असला तरी तो सवलतीत धरलेला असेलच असे नाही. फिलाडेल्फियाच्या सिटिझन्स बँक पार्कसह अनेक स्टेडियममध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात, त्यामुळे घरून डबा नेणे हा उत्तम मार्ग आहे; मात्र ठरावीक मापाहून मोठी पिशवी चालत नाही, आणि काही ठिकाणी पिशवी पारदर्शकच लागते. चार वर्षांखालील मुलांना हॉट डॉगच्या गोल चकत्या देऊ नयेत, कारण त्या घशात अडकतात. तो आधी उभा चिरून मग लहान तुकडे करावेत. घरची सुरी आत नेता येत नाही, म्हणून प्लास्टिकची सुरी काउंटरवरच मागून घ्यावी.

पैज, बिअर आणि शेवटचे डाव

टोरंटो ब्लू जेज हा संघ सवलतीच्या रात्री कॅनडाच्या १ डॉलरला हॉट डॉग विकतो आणि किती विकले गेले याचा आकडा मोठ्या पडद्यावर झळकतो. आकडा पुढे सरकला की प्रेक्षक जल्लोष करतात. यात गंमत आहे आणि ती निरुपद्रवी आहे. नऊ डावांत नऊ हॉट डॉग आणि नऊ बिअर ही तरुणांमध्ये प्रचलित असलेली पैज मात्र निरुपद्रवी नाही. २०२३ मध्ये चेंडूफेकीवर घड्याळ लावल्यापासून, म्हणजे प्रत्येक चेंडू ठरावीक सेकंदांत टाकण्याचे बंधन आल्यापासून, नऊ डावांचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. म्हणजे तितकीच बिअर आता आणखी कमी वेळात पोटात जाते. वर, सामने लवकर संपू लागल्याने काही क्लबांनी पूर्वी सातव्या डावाअखेर थांबणारी बिअरविक्री आठव्यापर्यंत वाढवली. आपल्यासोबतच्या कोणी ही पैज लावली असेल तर त्याला गाडी चालवू देऊ नये, आणि हे सामन्याआधीच स्पष्ट सांगावे. आठव्या डावात सांगितलेले कोणी ऐकत नाही.

खरा धोका सातव्या डावानंतर, एखाद्या वादग्रस्त निर्णयाच्या वेळी असतो. १० ऑगस्ट १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये प्रेक्षकांना दारातच बेसबॉलचे चेंडू भेट दिले होते. नवव्या डावात पंचांनी यजमान फलंदाज राउल माँडेसी आणि व्यवस्थापक टॉमी लसॉर्डा यांना बाहेर काढताच ते चेंडू मैदानात पडू लागले आणि सामना सेंट लुइस कार्डिनल्सला बहाल झाला. दारू किंवा अन्न हे निमित्त असते. मनात राग आणि हातात फुकटची वस्तू हे दोन्ही जमले की ती फेकली जाते. म्हणून पंचांवर ओरडा सुरू होताच मुलांच्या हातातले काढून पिशवीत ठेवावे.

फेकाफेकी सुरू झाली तर

उलट फेकू नये, हा पहिला नियम. सुरक्षारक्षकाला आणि कॅमेऱ्याला कोणी आधी फेकले ते दिसत नाही, हात वर असलेला माणूस दिसतो. बाहेर काढलेल्याचे तिकीट रद्द होते, पैसे परत मिळत नाहीत, आणि मैदानात वस्तू फेकणाऱ्यावर किंवा मैदानात शिरणाऱ्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो. मागे वळून दम देण्यानेही काही साधत नाही. त्याऐवजी विभागाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला गाठावे, किंवा स्टेडियमच्या तक्रार-क्रमांकावर मोबाइलवरून संदेश पाठवून विभाग, रांग आणि खुर्ची कळवावी. हा क्रमांक पडद्यावर अधूनमधून दाखवला जातो आणि संदेश पाठवल्याचे शेजाऱ्यांना कळतही नाही. तो आत शिरतानाच मोबाइलमध्ये साठवून ठेवणे सोयीचे. मुलांसह असाल तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तेथेच बसून राहू नये. सर्वांनी उठून मार्गिकेतून मागच्या पडवीत यावे आणि ग्राहकसेवेच्या खिडकीवर दुसरी जागा मागावी. आठवड्याच्या मधल्या सामन्याला रिकाम्या खुर्च्या बहुधा असतात आणि सभ्यपणे मागितले तर कर्मचारी सोय करून देतात. तोवर पडवीतल्या दूरचित्रवाणी संचावर सामना दिसत राहतो.