विद्यार्थ्यांचे काम थेट प्रक्षेपणातून दाखवताना

तयारीची सुरुवात पालकांच्या लेखी संमतीने करावी; ज्या मुलाची संमती नाही, त्याचे काम दाखवावे, चेहरा मात्र टाळावा. यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करताना ती सुविधा सुरू होण्यास 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ते काम आधीच उरकावे. प्रेक्षक अंधूक चित्र एक वेळ चालवून घेतात, पण आवाज तुटू लागला की निघून जातात. त्यामुळे खर्च करायचाच तर कॉलरला लावायच्या माइकवर करावा. मोबाइल स्टँडवर आडवा बसवावा आणि मातीच्या प्रतिकृतीवरचे बोटांचे ठसे दिसतील इतका जवळ न्यावा, कारण मुलाची मेहनत तिथेच दिसते. पाठ केलेले भाषण नको; काय फसले आणि मग काय बदलले, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावे. प्रेक्षकांचे प्रश्न शिक्षकांनी निवडून मुलांपुढे ठेवावेत.