शुक्रवारी सकाळचा नमुना

एएफआयएच, म्हणजे औद्योगिक आरोग्याचा, डॉक्टरांसाठीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 41-सी मला पाठ होते. घातक पदार्थ हाताळणाऱ्याची तपासणी कामावर नेमण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते सुटल्यावरही, 12 महिन्यांहून अधिक खंड न पडू देता करायची, हे मी झोपेतही सांगितले असते. नमुना केव्हा घ्यायचा, हे मात्र कुणाला विचारलेच नाही.

पेंटशॉपमधील कामगारांच्या अंगात थिनरमधले टोल्युइन हे द्रावक किती जाते, हे लघवीतील हिप्प्युरिक आम्लावरून पाहायचे होते; शरीरात टोल्युइनचे तेच आम्ल होते. उपाशीपोटीची साखरही त्याच फेरीत उरकेल म्हणून प्रयोगशाळेने शुक्रवारी सकाळची वेळ दिली आणि मी मान डोलावली. भोसरीला सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी स्प्रेगन ठेवलेला माणूस 36 तासांनी बाटली भरून देत होता. तोवर बहुतेक टोल्युइन शरीराबाहेर गेलेले असते. सगळे अहवाल ‘नॉर्मल’ आले आणि मी सह्या केल्या. पंधरा दिवसांनी एक कामगार तोच कागद घेऊन आला: “डॉक्टर, सगळं बरोबर आहे, तर पाळी सुटताना डोकं का गरगरतं?”

पुढच्या बुधवारी पाळी सुटतानाच नमुने घेतले. आकडे चढलेले होते, पण स्टोअरमधल्या माणसाचाही चढलेला होता आणि तो थिनरच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. त्याच्या डब्यात रोज बाजारचे लोणचे असे. त्यातील सोडियम बेंझोएटचेही शरीरात हिप्प्युरिक आम्लच होते. म्हणून प्रयोगशाळेकडे ऑर्थो-क्रेसॉलची चाचणी मागावी; तेही शरीरात टोल्युइनपासून होते, पण लोणच्यातल्या बेंझोएटपासून नाही. पेंटरांचे आकडे मात्र त्याही चाचणीत चढेच राहिले. स्प्रे-बूथमधली हवा गाळणारे फिल्टर रंगाने चोंदलेले निघाले.

घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक चाचणी इतकी हट्टी नसते. रक्तातील शिसे कोणत्याही वेळी तपासता येते. क्रोमियमसाठी आठवड्याच्या अखेरच्या पाळीचा शेवट धरावा. ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीला, उलट गोंगाटापासून किमान 14 तासांची विश्रांती लागते, त्यामुळे तिला हीच शुक्रवारची सकाळ उत्तम.

एका दिवसात दोनशे माणसे उरकणाऱ्या शिबिरांवर माझा विश्वास नाही, आणि ‘फिट लिहा, पुढे चला’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांवर त्याहून नाही. मला उपयोगी पडले ते पेंटशॉपचे सुपरवायझर, ज्यांना कोणता थिनर केव्हा उघडला जातो ते ठाऊक होते. बाटलीवर नावाबरोबर पाळी सुरू झाल्याची आणि नमुना घेतल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. माझ्या पहिल्या बाटल्यांवर फक्त टोकन क्रमांक होते.