नोकरी-शेती सांभाळून अभ्यास करताना या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बसू, कापूस वेचून झाला की बसू, लग्नसराई आटोपली की बसू, असे म्हणता म्हणता परीक्षा तोंडावर येते आणि पुस्तकाची पहिली चाळीस पानेच काय ती मळलेली असतात. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या खान्देशातील अनेकांची मुख्य चूक हीच आहे: ते मोकळ्या दिवसाची वाट पाहतात. माझ्या अनुभवात असा दिवस वर्षातून चार-पाचदा उगवतो आणि तोही दुपारपर्यंत पाहुण्यांत जातो.

मी अमळनेरहून जळगावला दुकानात नोकरीला जात असताना पदवीचा अभ्यास करत होतो आणि वेळच नाही, हे माझे ठाम मत होते. एका आठवड्यात मी वहीत प्रत्येक अर्ध्या तासापुढे त्या वेळी प्रत्यक्ष काय केले ते लिहून काढले. दुपारी दीड ते सव्वादोन या वेळेपुढे सलग पाच दिवस ‘गिऱ्हाईक नाही’ असे लिहिलेले होते, कारण उन्हाळ्यात त्या वेळी बाजारात चिटपाखरूही फिरकत नाही. पॅसेंजरचा जाण्या-येण्याचा सुमारे दोन तासांचा वेळ तर मी हिशेबातच धरला नव्हता. वेळापत्रक आखण्याआधी हा आठवडाभराचा हिशेब मांडावा. तो न मांडता आखलेले वेळापत्रक तिसऱ्या दिवशी मोडते, आणि मग माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

वेळेचे तुकडे सापडल्यावर दुसरी चूक होते, ती म्हणजे तुकड्यात न मावणारे काम हाती घेणे. गर्दीच्या डब्यात जाडजूड पुस्तक उघडून नवा धडा समजून घेण्याचा प्रयत्न केला, तर एकच परिच्छेद चारदा वाचला जातो. त्याऐवजी रात्री वाचलेल्या भागावरचे प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर लिहून, मागच्या बाजूला उत्तर लिहून, ते खिशात ठेवावेत. धरणगाव येईपर्यंत माझे वीसेक प्रश्न सहज होत असत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, परंतु आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे निघाले. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे, त्याने तर पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्यालाच तो द्यावा. नवे, कठीण आणि लेखी सरावाचे काम मात्र घरच्या निवांत तासासाठी राखून ठेवावे.

शेतकरी घरातील विद्यार्थ्यांची अडचण आणखी वेगळी असते. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि रात्री कपाशीला किंवा केळीला पाणी भरून आलेल्या मुलाने पहाटे पाचला उठावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. एकच वेळापत्रक रेटू नये. रात्रीच्या लाईटचे एक आणि दिवसाच्या लाईटचे एक, अशी दोन वेळापत्रके करावीत. झोप कापून तास वाढवणे हा तर तोट्याचा व्यवहार आहे, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी गणिते सोडवण्याचा हट्टही सोडावा. ज्यांची रात्र मोडलेली नाही, त्यांनी कठीण विषय पहाटे घ्यावा.

घरात न सांगता अभ्यासाला बसणे, ही लहान वाटणारी चूक फार वेळ खाते. मी वही उघडली की आई म्हणायची, “बठेल शे ना, मंग जरा दयन लई ये.” तिचा दोष नव्हता, बसलेला माणूस तिला रिकामाच दिसत होता. रात्री साडेआठ ते साडेनऊ माझा अभ्यास असेल आणि दळण मी कामावरून येतानाच आणीन, असे मी एकदा नीट बोललो, आणि त्यानंतर तिनेच धाकट्यांना त्या खोलीबाहेर ठेवले.

शेवटची चूक खाड्याची. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला घर भाऊबंदांनी भरलेले असते, दोन-तीन दिवस अभ्यास होत नाही, आणि मग तो बुडालेला सगळा अभ्यास एका रविवारी भरून काढण्याच्या नादात पुढचा आठवडाही हातचा जातो. अशा दिवसांत दहा मिनिटे तेवढे कागद चाळावेत, आणि एरवीही आठवड्यातील एक संध्याकाळ मुद्दाम कोरी ठेवावी. मी गुरुवारची ठेवत असे. मागे राहिलेल्यातले जेवढे त्या संध्याकाळी बसेल तेवढेच घ्यायचे आणि उरलेले पुढच्या गुरुवारच्या खात्यावर लिहायचे, असा माझा नियम होता.