वॉरगेमिंगच्या टेबलावर रेल्वेमार्ग बांधताना या चुका टाळा

वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोटे सैनिक मांडून लढाई खेळण्याच्या टेबलावरचा रेल्वेमार्ग फसतो, तो बहुतेक वेळा बांधणाऱ्याने मनात मॉडेल रेल्वे धरलेली असते म्हणून. मॉडेल रेल्वेत रूळ गाडीसाठी असतात. आपल्या टेबलावर ते सैनिकांसाठी असतात. त्यांच्यावर मिनिएचर, म्हणजे हे छोटे सैनिक, नीट उभे राहिले पाहिजेत, भरावाच्या आडोशाला दबा धरता आला पाहिजे आणि खेळ संपल्यावर सारे तुकडे सुटे करून पेटीत भरता आले पाहिजेत. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर शिंदे घराण्याची चांदीची छोटी आगगाडी पाहत वाढलेल्या ग्वाल्हेरकराला छोट्या रुळांचे वेड लागले तर नवल नाही. मात्र लढाईच्या टेबलाची गरज वेगळी आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मापाची असते. दुकानात मिळतो तो १६.५ मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) मॉडेल रेल्वेचा एचओ ट्रॅक आणायचा आणि त्याशेजारी २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक ठेवायचे, असे सर्रास होते, आणि मग मुख्य मार्ग म्हणून मांडलेले रूळ खेळण्यातले का दिसतात, हे उमगत नाही. हिशेब सोपा आहे : खऱ्या गेजला स्केलने भागावे. २८ मिलिमीटरच्या मिनिएचरचे स्केल साधारण १:५६ धरतात, म्हणजे खऱ्या मापाला ५६ ने भागायचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणून टेबलावर तो ३० मिलिमीटर यायला हवा. मीटरगेज १८ मिलिमीटर. आणि २०२० पर्यंत ग्वाल्हेरहून घोसीपुरा, मोतीझील करत श्योपूरला जाणारी आपली ६१० मिलिमीटरची छोटी लाइन केवळ ११ मिलिमीटर. म्हणजे एचओ ट्रॅक १:५६ ला मीटरगेज म्हणून चांगला चालतो, ब्रॉडगेज म्हणून मुळीच नाही. ब्रॉडगेज हवा असेल तर ३२ मिलिमीटरचा ओ गेज घ्यावा. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. १५ मिलिमीटरचे सैनिक वापरणाऱ्यांचे नशीब मात्र थोर, कारण १:१०० स्केलला ब्रॉडगेज १६.८ मिलिमीटर येतो आणि तोच एचओ ट्रॅक जवळजवळ तंतोतंत बसतो.

एचओ ट्रॅक मीटरगेज म्हणून वापरताना स्लीपरांची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांची, दाटी खटकते. खालची जोडपट्टी कापून स्लीपर एकमेकांपासून ११ मिलिमीटरवर सरकवले की तोच ट्रॅक निराळा दिसू लागतो. स्लीपर हातानेच करायचे असतील, तर आइस्क्रीमच्या काडीसारखे साधन नाही. लाकडी ब्रॉडगेज स्लीपर सुमारे २.७५ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे १:५६ ला ४९ बाय ४.५ मिलिमीटर. काडीची गोल टोके छाटून ती उभी चिरली आणि मध्ये कापली, की एका काडीत चार स्लीपर निघतात.

काळाचे भानही येथेच ठेवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या टेबलावर काँक्रीटचे स्लीपर असलेला भारतीय मार्ग मांडणे चूक आहे. जून १८५८ मधील कोटा की सरायची लढाई मांडताना रूळ पूर्णपणे वगळावेत, कारण त्या वेळी ग्वाल्हेरला रेल्वे पोहोचलेलीच नव्हती.

दुसरी मोठी चूक उंचीची आहे, आणि ती पहिला डाव सुरू झाल्यावरच उघडकीस येते. सैनिकाच्या पायाखालची २५ मिलिमीटरची चकती, म्हणजे बेस, मीटरगेजच्या दोन्ही रुळांवर सपाट टेकते. ब्रॉडगेजवर ती एका रुळावर चढून कलंडते. यावर उपाय म्हणजे दोन रुळांमधली खडी रुळाच्या माथ्याच्या किंचित खालीपर्यंत भरावी, जशी ती स्टेशनच्या यार्डात भरलेली दिसते. भरावाचा उतारही फार उभा ठेवू नये. ३० मिलिमीटर उंच भरावाला प्रत्येक बाजूस किमान ६० मिलिमीटर पाया द्यावा. तेवढी जागा नसेल तर उतारातच ३० मिलिमीटर रुंदीची सपाट पायरी काढावी.

खडी चिकटवण्याच्या कामात घाई चालत नाही. १:५६ ला खडीचा दाणा एक मिलिमीटरच्या आतलाच हवा, म्हणून वाळू रव्याच्या चाळणीने चाळून घ्यावी. कोरड्या वाळूवर पातळ फेव्हिकॉलचा थेंब टाकला की तो पाऱ्यासारखा गोळा होऊन राहतो, वाळू सोबत ओढतो आणि मागे खड्डा सोडतो. दोष फेव्हिकॉलचा नसून पृष्ठताणाचा आहे. आधी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारून वाळू पूर्ण ओली करावी, मग एकास एक पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने स्लीपरांच्या मधून सोडावा. तो आपोआप मुरतो. काम सावलीत सुकू द्यावे. मे महिन्यातल्या लूत गच्चीवर ठेवलेला तुकडा वरून चटकन सुकतो, आतून ओलाच राहतो आणि पुढे त्याला भेगा पडतात.

तुकडे वाकण्याचे मूळही याच ओलाव्यात आहे. सुकताना आकसणारा फेव्हिकॉल वरची बाजू ओढतो आणि तुकड्याखालच्या सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पत्र्याच्या) किंवा पातळ एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या फळीच्या) कडा वर उचलल्या जातात. म्हणून वरचे काम सुरू करण्यापूर्वी खालच्या बाजूलाही तेवढाच फेव्हिकॉल लावून ठेवावा. तुकडा वाकलाच असेल, तर पाठीवर पातळ फेव्हिकॉलचा हात देऊन तो पालथा ठेवावा, वर प्लॅस्टिकचा कागद घालून रात्रभर वजन ठेवावे. बाक पुष्कळच उतरतो.

थर्माकोलवर किंवा एक्सपीएस या त्याहून घट्ट फोमवर स्प्रे पेंट थेट मारू नये, त्यातील द्रावक फोम खाऊन टाकतो. आधी फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिक रंगाच्या मिश्रणाचा थर सगळीकडे, कडांनासुद्धा, द्यावा. रुळाच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगात रंगवून फक्त माथा चकचकीत ठेवला, की रंगकाम पुरेसे झाले.

तुकडे जोडताना रूळ जुळत नसतील, तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मोजून केलेला असतो हेच कारण. पुठ्ठ्याचा एक साचा कापावा, ३० सेंटिमीटरच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेचा मध्य त्यावरूनच आखावा आणि रूळ कडेच्या अर्धा मिलिमीटर आतच थांबवावेत. बाहेर आलेली टोके शेजारच्या तुकड्याची खडी उखडतात. वळणे ४५ किंवा ९० अंशांचीच करावीत, म्हणजे मार्ग पुन्हा चौकटीत येतो.

मांडणी करताना मार्ग टेबलाच्या बरोबर मध्यातून सरळ नेऊ नये. त्यामुळे दोन्ही सैन्यांच्या मध्ये उघडी पट्टी तयार होते, ती ओलांडायला कोणी धजत नाही आणि डाव जागच्या जागी अडतो. मार्ग एका कोपऱ्याकडे तिरका न्यावा, कुठे भराव तर कुठे खोदाई द्यावी, आणि भराव दृष्टिरेषा अडवतो का, रूळ ओलांडताना चाल कमी होते का, हे पहिला फासा टाकण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंनी ठरवून घ्यावे.