सायकलचा गंज काढताना या चुका टाळा

पावसाळाभर सोसायटीच्या कुंपणाशी उभी राहिलेली सायकल ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली की पहिला हात तारेच्या घासणीकडे जातो. तिथेच घोटाळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की गंजापेक्षा घाईने केलेल्या साफसफाईमुळे जास्त सायकली भंगारात जातात. घासायला बसण्याआधी कोणत्या भागावर कसला गंज आहे, एवढं तरी नीट बघा.

हँडल, क्रँक (पॅडल जोडलेला दांडा) आणि जुन्या पद्धतीच्या रिमवर क्रोमचा मुलामा असतो. तो फार पातळ असतो. त्यातल्या बारीक छिद्रांमधून पाणी खालच्या लोखंडापर्यंत जातं आणि गंजाचे तांबूस ठिपके वर येतात. म्हणजे दिसायला डाग वरवरचा, पण मूळ आत. तारेची घासणी किंवा खरखरीत पॉलिश पेपर फिरवला की डाग जातो खरा, पण आजूबाजूचा शाबूत मुलामाही ओरखडला जातो आणि पुढच्या पावसात अख्खी पट्टी गंजते. त्याऐवजी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून घ्या, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत. घासता घासता काळपट लगदा सुटू लागला की काम होतंय असं समजा. तो फडक्याने पुसत राहा. शेवटी गाडीचं वॅक्स पॉलिश लावा, म्हणजे ती छिद्रं काही काळ तरी बुजतात. रिमच्या ज्या बाजूला ब्रेकचं रबर घासतं तिथे मात्र वॅक्स नको, तेलही नको. डिस्क ब्रेक असतील तर त्या चकतीच्या आसपास स्प्रे मारूच नका. ब्रेक लागणारच नाहीत.

फ्रेमवर रंग फुगलेला दिसला तर त्यावरून नवा रंग फासून मोकळं होणं ही दुसरी मोठी चूक. फुगा नखाने दाबून पाहा, पापुद्रा निघाला तर घट्ट रंग लागेपर्यंत खरवडा. आधी 220 नंबरचा, मग 400 नंबरचा पॉलिश पेपर. उघडं झालेलं लोखंड त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरने झाका. ‘रंग पुढच्या रविवारी’ चालेल, प्रायमर पुढच्या रविवारी चालणार नाही. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या, दमट हवेत घासून चकचकीत केलेलं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड सायकलला लावू नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. ते गंजाबरोबर क्रोम आणि लोखंडही खातं, आणि फटींत उरलेलं नंतरही खात राहतं. सुट्टे नट-बोल्ट व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायला हरकत नाही. सकाळी ब्रशने घासा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून काढा, उन्हात खडखडीत वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. चेन मात्र व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका. आम्लामुळे कडक पोलादाला ठिसूळपणा येऊ शकतो, आणि भर रस्त्यात चेन तुटणं म्हणजे थेट पडणंच.

चेनसाठी रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे. पेट्रोल नको, ते पटकन भडकतं. रॉकेलचे थेंब टायरवर आणि ब्रेकच्या रबरावर उडू देऊ नका. चेन सुकली की शिलाई मशीनचं तेल एकेका रोलरवर थेंबभर सोडा, पॅडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. खोबरेल तेल लावण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, पण ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. गंज सोडवणारा स्प्रे जाम झालेला नट सोडवायला उत्तम, पण तो वंगणाची जागा घेत नाही. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात मारलात तर छर्‍यांवरचं ग्रीसच धुऊन निघेल.

साफ केल्यावर चेन मोजा. ताणून धरलेल्या चेनवर पट्टी ठेवा. 24 कड्यांची लांबी 12 इंच भरायला हवी. 12 इंच आणि एक अष्टमांश झाली असेल तर चेन बदला, आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे दात झिजलेत का तेही पाहून घ्या.

यानंतर लोक सायकलला प्लॅस्टिक गुंडाळून ठेवतात. आत अडकलेली वाफ रात्री थेंब होऊन फ्रेमवरच बसते. कव्हर घालायचंच तर खालून हवा खेळू द्या.

सगळ्यात कमी बघितली जाणारी जागा म्हणजे फ्रेमची आतली बाजू. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि पॅडलच्या एक्सलपाशी साचतं. सीटचा दांडा कुठवर होता तिथे खूण करा, तो बाहेर काढा, सायकल उलटी करा आणि पाणी निथळू द्या. दांडा परत बसवताना ग्रीस लावा. एक्सलजवळ रंग आतून फुगलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन बघा. टोक आत गेलं तर ती नळी गंजाने खाल्ली आहे. वेल्डिंगवाल्याला दाखवल्याशिवाय त्या सायकलवर बसू नका, आणि मुलांना तर मुळीच देऊ नका.