जुने ट्रॅक्टर तोलताना: आकडा नंतर, काम आधी

शेजारी उभ्या दोन जुन्या ट्रॅक्टरांवर ३५ एचपी लिहिलेलं असलं, तरी एक नांगराला चालेल आणि दुसरा रोटाव्हेटरलाच बरा, असं सर्रास होतं. बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा. पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टपर्यंत पोचताना त्यातला साधारण १० ते १५ टक्के गिअरमध्येच खपतो आणि मऊ रानात हुकावर ओढीला कधी कधी निम्माच उरतो. म्हणून वर्षातले जास्तीत जास्त तास ट्रॅक्टर कशाला जुंपणार, ते आधी ठरवा. मग दोन्ही ट्रॅक्टर त्याच अवजाराला, त्याच रानात लावून बघा. रिकाम्या ट्रॅक्टरचा फेरफटका काहीच सांगत नाही.

नांगरट आणि जड ओढ

इथे वजन आणि मागच्या टायरची पकड महत्त्वाची. घसर, म्हणजे चाक पकड न घेता किती वाया फिरतं, ते मोजायला खडू आणि टेप पुरतात. मागच्या टायरवर खूण करा, नांगर उचलून चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग नांगर पूर्ण खोलीवर लावून त्याच रानात पुन्हा १० फेरे. रिकामं अंतर ४० मीटर आणि नांगरासह ३४ मीटर आलं, तर घसर १५ टक्के. नांगरलेल्या नसलेल्या रानात ८ ते १५ टक्के ठीक. त्याहून जास्त म्हणजे डिझेल आणि टायर दोन्ही वाया. कमी म्हणजे ट्रॅक्टर विनाकारण जड करून ठेवलाय.

हलका ट्रॅक्टर टायरमध्ये पाणी भरून सुधारता येतो. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह अगदी वर आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के भरा. १३.६-२८ मापाच्या एका टायरात दीडशे ते दोनशे लिटर मावतं. पूर्ण भरलं तर टायरला दबायला हवाच उरत नाही. अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. तेव्हा पुढे वजनं लावा.

लिफ्टला ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणारी सोय, आहे का आणि ते चालतं का, हेही बघा. कडक पट्टा आला की नांगर जरासा उचलून परत बसायला हवा. एकसारखा वर-खाली उसळत असेल, तर टॉपलिंकच्या (अवजाराला जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) मागची स्प्रिंग किंवा तिथल्या पिना झिजल्यात. ड्राफ्ट कंट्रोल नसलेल्या ट्रॅक्टरवर खोली धरून ठेवायला नांगराला चाक लावावं लागतं.

साखळी किंवा दोर कधीही मागच्या ॲक्सलच्या वर अडकवू नका. जुन्या ट्रॅक्टरला बहुतेकदा रोल बार (उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान) नसतो, आणि पुढचं तोंड उचललं की सावरायला वेळ मिळत नाही.

रोटाव्हेटर आणि पीटीओची कामं

इथे पहिला प्रश्न क्लचचा. जुन्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. काही मॉडेलमध्ये लिफ्टचा पंपही त्याच शाफ्टवर असतो, म्हणजे बांधावर वळताना क्लच दाबलेला असेपर्यंत अवजार वर येत नाही. मळणी यंत्राला एका जागी उभं राहायचं असल्याने हे चालून जातं. रोटाव्हेटर किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी डबल क्लचच घ्या, त्यात चाकं थांबवली तरी पीटीओ फिरत राहतो. एकेरी क्लचवर गवताचं यंत्र चालवायचंच असेल, तर पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने फिरणारं कपलिंग लावा. नाहीतर पात्यांचा जोर उलटा गिअरमध्ये येतो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो.

मग वेग. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा. हातातल्या टॅकोमीटरने मोजा, डॅशबोर्डवरचा काटा मेलेला असतो असंच समजा. आता सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये २० मीटर जायला किती सेकंद लागतात? २४ सेकंद म्हणजे ताशी ३ किलोमीटर. १६ सेकंदात पोचला तर ताशी ४.५ किलोमीटर, हा वेग नांगराला छान, पण कडक रानात रोटाव्हेटरला जास्त. माती जाड ढेकळांची राहते आणि इंजिन दबतं.

पीटीओचा ६ खाचांचा शाफ्ट योक (त्यावर बसणारी जोडणी) लावून हाताने हलवा. खडखडत असेल तर खाचा गेल्यात.

ट्रॉली आणि आंतरमशागत

ट्रॉलीला ब्रेक आधी, इंजिन नंतर. डावा-उजवा पेडल खटक्याने जोडा, मोकळ्या जागी हळू वेगात दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल, तर ज्या बाजूचा ब्रेक कमी धरतो तिकडे मागच्या ॲक्सलचं ऑइल सील गळून लायनिंग भिजलेलं असण्याची शक्यता मोठी. कोरड्या ब्रेकच्या मॉडेलमध्ये हा रोग नेहमीचा.

पिकातल्या कामाला मात्र अरुंद टायर, खालची उंच मोकळीक आणि चाकांतलं अंतर बदलायची सोय हवी. इथे जड ट्रॅक्टर उपयोगाचा नाहीच, तो ओळींमधली माती दाबून टाकतो.

पैसे देण्याआधी

ट्रॅक्टर थंड असतानाच पोचा. बॉनेटला हात लावा. कोमट लागला तर मालकाने आधीच चालू करून ठेवलाय, परत उद्या या. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावर निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फसफसून हवा येत असेल, तर इंजिन बोअरला आलंय, म्हणजे आतून झिजलंय. काळ्या धुराला नुसता भरलेला एअर फिल्टरही कारण असू शकतो, म्हणून आधी तो साफ करून बघा. ऑइलची डिपस्टिक दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय.

लिफ्टची परीक्षा अर्धा तास काम करून, ऑइल गरम आणि पातळ झाल्यावरच घ्या. जड अवजार उचला, इंजिन बंद करा, उंचीची खूण करून १० मिनिटं थांबा. खाली कुणी जाऊ नये. भराभर खाली बसत असेल तर लिफ्टच्या पिस्टनची रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. दोन मॉडेलची उचल तोलताना ती कुठे मोजलीय तेही विचारा: लिंकच्या (अवजार धरणाऱ्या खालच्या दांड्यांच्या) टोकाशी आलेला आकडा त्या टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेल्यापेक्षा नेहमी मोठा दिसतो.

दोन्ही ट्रॅक्टर बरोबरीचे ठरले, तर ज्याची क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप आणि क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले मुख्य गिअर) आजही सहज मिळतं, तो घ्या.